मोठ्या आयपीव्ही६ ब्लॉकचा नियम सोपा कसा लिहायचा

आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या पद्धतीत संस्थांना पत्त्यांचे सलग गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, मिळतात. ते कधी आणि किती द्यायचे याचा एक नियम असा आहे: वापरात असलेल्या पत्त्यांच्या संख्येचा लॉगॅरिदम काढा, मिळालेल्या एकूण पत्त्यांच्या लॉगॅरिदमने त्याला भागा, भागाकार ०.९४ पर्यंत पोचला की आणखी ब्लॉक मागायला या. दुसरा असा: तुमच्या साइट मोजा. एकच असेल तर /४८ आकाराचा ब्लॉक मिळेल (या आकड्यांची उजळणी थोडी पुढे आहे). २ ते १२ असतील तर /४४, १३ ते १९२ असतील तर /४०, १९३ ते ३,०७२ असतील तर /३६, आणि त्यापुढे ४९,१५२ पर्यंत /३२.

पहिला नियम एपनिकच्या, म्हणजे आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या रजिस्ट्रीच्या धोरणातला. दुसरा उत्तर अमेरिकेच्या एरिनचा. तिथल्या २०१०-८ या क्रमांकाच्या प्रस्तावातून तो आला. दोन्ही अगदी एकाच प्रसंगासाठी नाहीत. पहिला पुन्हा मागायला आलेल्या इंटरनेट सेवादात्याला लागतो, दुसरा पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या संस्थेला. तरी ते शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्या नियमाचं उत्तर अर्जदाराला अर्ज भरण्याआधीच कळतं, आणि अर्ज तपासणाऱ्याकडेही तेच उत्तर येतं. मोठ्या ब्लॉकच्या नियमाकडून माझी मुख्य अपेक्षा हीच आहे. बाकीचं सगळं तपशिलाचं काम.

हा लेख तो तपशील कसा लिहायचा याबद्दल आहे. एपनिककडे किंवा भारतातल्या इरिन या राष्ट्रीय रजिस्ट्रीकडे धोरण बदलाची सूचना मांडू पाहणाऱ्यांना तो थेट उपयोगी पडेल. पण राज्यभर शाखा असलेली बँक, अनेक आवारांचं विद्यापीठ किंवा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेला ब्रॉडबँड सेवादाता आपल्या घरातल्या घरात पत्ते वाटतो, तेव्हाही प्रश्न हेच येतात. कुणाला किती द्यायचं, आणि "मला जास्त का नाही?" असं विचारलं की काय सांगायचं?

ज्यांची सवय मोडली असेल त्यांच्यासाठी एक उजळणी. तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान तितका ब्लॉक मोठा. आकडा एकाने कमी झाला की ब्लॉक दुप्पट होतो, चाराने कमी झाला की सोळापट. एका /३२ मध्ये ६५,५३६ इतके /४८ बसतात आणि एका /४८ मध्ये ६५,५३६ इतके /६४, म्हणजे तितकी साधी लॅन.

आधी: नियम इतका किचकट झाला कसा

हे माहीत नसेल तर सोपं करताना आपण चुकीचीच गोष्ट कापतो, म्हणून थोडा इतिहास.

आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, १९९३ पर्यंत वर्गवारी होती: अ वर्गाचा /८, ब वर्गाचा /१६, क वर्गाचा /२४. नियम अगदी सोपा, पण पायऱ्या भयंकर उंच. २५४ यंत्रांत भागलं नाही की पुढची पायरी थेट ६५ हजारांची. त्या काळात मिळालेला आख्खा /८ स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००० साली परत केला. एमआयटीने आपल्या /८ मधला मोठा हिस्सा २०१७ मध्ये विकला. वर्गवारी गेली आणि गरज सिद्ध करायची पद्धत आली. १९९६ च्या आरएफसी २०५० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) मापदंड होता: मागितलेल्या जागेपैकी २५ टक्के लगेच आणि ५० टक्के वर्षभरात वापरून दाखवा. जागा तुटपुंजी असताना असा हिशेब मागणं योग्यच होतं.

आयपीव्ही६ चे नियम लिहिले तेव्हा ही सवय सोबत आली. फरक एवढाच की सरळ टक्केवारी मोठ्या ब्लॉकला अन्यायाची ठरते, हे तोवर ध्यानात आलं होतं. जाळं जितकं मोठं, तितके त्याच्या उतरंडीत थर जास्त, आणि प्रत्येक थरावर थोडी जागा रिकामी राहते. त्यावर उतारा म्हणून एचडी-रेशो आला, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला लॉगॅरिदमचा भागाकार. त्याचं मूळ ख्रिस्तियान हुइतेमा यांनी १९९४ मध्ये आरएफसी १७१५ मध्ये मांडलेल्या हिशेबात आहे. त्यांच्या दाखल्यांत टेलिफोन क्रमांकही होते. फ्रान्समधले फोन नंबर आठ अंकांवरून नऊ अंकांवर नेले तेव्हा प्रत्यक्षात फोन सुमारे एक कोटीच होते, हा त्यातलाच एक. आठ अंकांत दहा कोटी क्रमांक बसायला हवेत, पण उतरंडीमुळे त्याआधीच दम संपला.

निरीक्षण उत्तम आहे. पण निरीक्षण मोजायचं सूत्र हे प्रत्येक अर्जदाराने भरायच्या रकान्यात का यावं, हे मला आजवर पटलेलं नाही. सुरुवातीला उंबरठा ०.८ होता आणि मोजणी /४८ मध्ये. /३२ साठी ती ७,१३२ साइट, म्हणजे १०.९ टक्के भरते. नंतर उंबरठा ०.९४ झाला आणि मोजणी /५६ मध्ये आली. आता /३२ साठी ६१,८३,५३३ इतके /५६ लागतात, म्हणजे ३६.९ टक्के. /२९ साठी तीच अट ३२.५ टक्क्यांवर उतरते. या आकड्यांचा तक्ता धोरणालाच जोडावा लागला. सूत्रातून उत्तर कुणालाच मनात काढता येत नसेल, तर खरा नियम त्या तक्त्यातच आहे.

पायरी १: स्वतःसाठी की पुढे वाटायला, हे वेगळं करा

एकच नियम सगळ्यांना लावायचा मोह टाळा. बँक स्वतःच्या शाखांसाठी पत्ते घेते. सेवादाता ग्राहकांना देण्यासाठी घेतो. पहिल्याला साइटची एकच यादी पुरते. दुसऱ्याला दोन संख्या लागतात: किती ठिकाणांहून सेवा देतो आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या ठिकाणी किती ग्राहक आहेत. हे दोन तक्ते एकत्र केले की अपवाद वाढत जातात.

विद्यापीठांच्या बाबतीत इथेच घोळ होतो. विद्यापीठाची स्वतःची आवारं ही त्याच्या साइट झाल्या. संलग्न महाविद्यालयं मात्र बहुधा वेगळ्या शिक्षणसंस्थांची असतात. त्यांना विद्यापीठाच्या ब्लॉकमधून पत्ते द्यायचे तर विद्यापीठ वाटप करणारं झालं, आणि त्याला दुसरा नियम लागू होतो. हे एक वाक्य नियमात असेल तर पुढचा बराच पत्रव्यवहार वाचतो.

पायरी २: मोजायचं काय, हे आधी ठरवा (सर्वांत जास्त वेळ इथे घालवा)

टक्केवारी किती असावी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. खरी भांडणं मात्र "साइट म्हणजे काय" यावर होतात.

एरिनची व्याख्या जवळजवळ अशी आहे: संस्थेच्या जाळ्याचा भाग असलेलं एक स्वतंत्र ठिकाण. अनेक इमारतींचं आवार एक साइट धरता येईल किंवा अनेक. ते जाळं कसं बांधलंय यावर अवलंबून. अनेक धरायचं असेल तर तशी तांत्रिक कागदपत्रं द्यावी लागतात. ही व्याख्या मला आवडते, कारण पुराव्याची जबाबदारी ती जास्त मागणाऱ्यावर टाकते आणि साध्या अर्जदाराला मोकळं सोडते.

आपली व्याख्या लिहिताना कागद घेऊन पुढची ठिकाणं एकेक करून तिच्यावर घासून पाहा:

- एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन विभाग. (एक साइट.)
- डेटा सेंटर आणि त्याच आवारात प्रशासकीय कार्यालय, दोघांचे राउटर वेगळे, बाहेरच्या जोडण्याही वेगळ्या. (दोन धरायला हरकत नाही.)
- एटीएमची खोली, जिच्यात एक यंत्र आणि एक सिमकार्डवाला राउटर. इथे वाद होणारच. ती शाखेच्या /४८ मधल्या एखाद्या /६४ वर चालत असेल तर ती साइट नाही. हजारो एटीएम साइट म्हणून मोजली की बँक फुकटात एक पायरी वर चढते.
- मोबाइल टॉवर. सेवादात्याचा ग्राहक टॉवरवर मोजायचा की टॉवर ज्या ठिकाणी एकवटतात तिथे? दुसरं बरोबर. म्हणूनच एरिनच्या नियमात "सेवा देणारी साइट" वेगळी सांगितली आहे: जिथे ग्राहकांच्या जोडण्या येऊन मिळतात किंवा एकवटतात ते ठिकाण, पॉप (सेवादात्याचं जोडणी केंद्र), डेटा सेंटर, स्थानिक एक्सचेंज वगैरे.
- पुढच्या वर्षी उघडायची शाखा. मोजायची, पण किती पुढचं धरायचं त्याची मुदत नियमातच लिहा. मुदत नसेल तर प्रत्येक जण दहा वर्षांची स्वप्नं मांडतो.

साइटला /४८ का, असा प्रश्न येईल. २००१ च्या आरएफसी ३१७७ मध्ये सरसकट /४८ ची शिफारस होती. २०११ च्या आरएफसी ६१७७ ने ती सैल केली: एकच आकार सगळ्यांना नको, पण ग्राहकाला मोजून एकच /६४ किंवा एकुलता एक पत्ता देऊ नका. युरोपातल्या मंडळींनी २०१७ मध्ये काढलेल्या राइप-६९० या मार्गदर्शिकेत व्यवसायांना /४८ आणि घरांना निदान /५६ असं सांगितलंय. संस्थेच्या साइटसाठी मी /४८ वरच ठाम राहीन. जगाच्या राउटिंग तक्त्यात (कुठला ब्लॉक कुठल्या वाटेने गाठायचा याची राउटरांकडची यादी) /४८ पेक्षा लहान तुकडा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. शाखेला उद्या स्वतःची वेगळी जोडणी घ्यावी लागली, तर तिचा ब्लॉक एकटा जाहीर करता आला पाहिजे.

पायरी ३: आकार निबलवरच थांबवा

निबल म्हणजे चार बिट, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्यातला एक षोडशमान अंक. /३२, /३६, /४०, /४४, /४८ या निबलच्या सीमा. नियमात फक्त एवढेच आकार ठेवा आणि मधले /३०, /३८, /४१ काढून टाका.

मधले आकार म्हणजे काटकसर वाटते, पण त्यांची किंमत रोजच्या कामात मोजावी लागते. रिव्हर्स डीएनएसचे, म्हणजे पत्त्यावरून नाव शोधायच्या यंत्रणेचे, झोन निबलवर तुटतात. त्यामुळे /३० मिळाला तर चार झोन सोपवून घ्यावे लागतात, /२९ मिळाला तर आठ. फायरवॉलचे नियम लिहिणाऱ्याला, रात्री अडीच वाजता लॉग वाचणाऱ्याला, जिल्ह्याचा पत्ता फोनवर सांगणाऱ्याला अंकाच्या मध्येच सीमा आली की बिट मोजत बसावं लागतं. निबलवर सीमा असेल तर "अमुक अंकापर्यंत पुणे, त्यापुढे साताऱ्याचं" असं डोळ्यांनी दिसतं.

तोटाही सांगायला हवा. पायरी सोळापट उंच होते. सीमा ओलांडल्या ओलांडल्या ब्लॉक जेमतेम ५ टक्के भरलेला असतो: १३ साइटना २५६ ची जागा, १९३ साइटना ४,०९६ ची. आयपीव्ही४ च्या जुन्या वर्गवारीची आठवण होऊन ज्येष्ठ लोक इथे हरकत घेतात, आणि हरकत वाजवी असते. तिला उत्तर आकड्यांनीच द्यावं. २००६ पासून आयाना (पत्त्यांचा जागतिक साठा सांभाळणारी संस्था) प्रत्येक प्रादेशिक रजिस्ट्रीला किमान /१२ देते. अशा एका /१२ मध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त /३६ बसतात. आणि आज वापरात घेतलेल्या जागेत, जी सगळ्या आयपीव्ही६ चा फक्त आठवा भाग आहे, असे ५१२ /१२ आहेत. वर्गवारी पायऱ्यांमुळे मोडली हे खरं, पण तिथे /८ ची एकूण संख्याच २५६ होती.

पायरी ४: भरण्याची मर्यादा एकच ठेवा, आणि तक्ता नियमातच छापा

एरिनच्या तक्त्यामागची ७५ टक्के ही मर्यादा कुठल्या शास्त्रातून आलेली नाही. १६ पैकी १२, २५६ पैकी १९२, ४,०९६ पैकी ३,०७२, ६५,५३६ पैकी ४९,१५२ असे पूर्णांक मिळतात आणि चौथा हिस्सा वाढीला उरतो, एवढंच. ८० टक्के ठेवलं तर १६ पैकी १२.८ येतात, मग वर धरायचं की खाली यावर एक पोटनियम. तीन चतुर्थांश सोयीचं आहे.

मग सूत्र लपवून ठेवा आणि तक्ता पुढे करा. वाचणाऱ्याला "१९२ पर्यंत /४०" एवढंच दिसलं पाहिजे. तक्ता कसा निघाला ते खाली एका ओळीत.

चालवून पाहू. समजा एका सहकारी बँकेच्या १८० शाखा आहेत: /४०. दोन वर्षांत २१० होणार आणि धोरणातली मुदतही दोन वर्षांची आहे: /३६. मुदत एक वर्षाची असेल आणि वर्षअखेर १९० होणार असतील: /४० च. या तिन्ही उत्तरांसाठी ना लॉगॅरिदम लागला, ना प्रत्येक शाखेतल्या संगणकांची यादी. ही यादी न मागणं मला महत्त्वाचं वाटतं. आयपीव्ही६ मध्ये एका /६४ मध्ये यंत्रं २० आहेत की २,०००, याने ब्लॉकच्या आकारात काडीचाही फरक पडत नाही.

पायरी ५: सेवादात्यासाठी दोन संख्यांचं गणित

एरिनच्या २०११-३ या प्रस्तावाने सेवादात्यांचा नियम असाच सुटसुटीत केला. त्याचा गाभा असा: प्रत्येक सेवा देणाऱ्या साइटला एकसारखा ब्लॉक द्यायचा, आणि तो सर्वांत मोठ्या साइटला पुरेल एवढा असावा.

कृती करून पाहा:

१. ग्राहकाला कमीत कमी किती देता ते ठरवा. हे तुमचं एकक, समजा /५६.
२. सेवा देणाऱ्या साइट मोजा. त्याला ४/३ ने गुणा (७५ टक्क्यांचा उलटा हिशेब) आणि १६, २५६, ४,०९६, ६५,५३६ या ओळीतल्या पुढच्या संख्येवर जा.
३. सर्वांत मोठ्या साइटवरच्या ग्राहकांचं तसंच करा.
४. दोन्हींचे बिट मिळवून एककातून वजा करा. १६ म्हणजे ४ बिट, २५६ म्हणजे ८, ४,०९६ म्हणजे १२, ६५,५३६ म्हणजे १६.

महाराष्ट्रात जिल्हे ३६. समजा प्रत्येक जिल्ह्यात एक पॉप असलेला सेवादाता आहे आणि पुण्यात त्याचे ३०,००० ग्राहक आहेत. ३६ गुणिले ४/३ म्हणजे ४८, पुढची पायरी २५६, ८ बिट. ३०,००० गुणिले ४/३ म्हणजे ४०,०००, पुढची पायरी ६५,५३६, १६ बिट. एकूण २४ बिट. ५६ वजा २४, म्हणजे /३२. प्रत्येक जिल्ह्याला /४०. याच सेवादात्याने घरोघरी /४८ द्यायचं ठरवलं तर ४८ वजा २४, म्हणजे /२४. एकक बदललं की ब्लॉक २५६ पट होतो. म्हणून एककावर नियमात एक वाक्य हवंच: /४८ पेक्षा मोठं एकक चालणार नाही, आणि जे एकक धरून ब्लॉक घेतला तेच ग्राहकांना प्रत्यक्ष द्यायचं.

आता या सेवादात्याचे राज्यभरात मिळून ४ लाख ग्राहक असतील, तर /३२ मधल्या १ कोटी ६७ लाख /५६ पैकी भरले २.४ टक्के. एचडी-रेशोच्या चष्म्यातून हा उधळेपणा. पण गडचिरोलीलाही पुण्याएवढाच ब्लॉक दिल्यामुळे ३६ पॉपचं कॉन्फिगरेशन एकाच साच्यातून निघतं, जिल्ह्याचा अंक ठरलेल्या जागी येतो आणि राउटिंग तक्त्यात जिल्ह्यामागे एकच ओळ राहते. सेवादात्याची माणसं कमी, पगार मोजका. पत्ते वाचवण्यापेक्षा त्यांचा वेळ वाचवलेला बरा.

एक खोच मात्र आहे. पुण्यातले ग्राहक ५०,००० झाले की ४/३ ने गुणल्यावर ६६,६६७ येतात, ६५,५३६ ओलांडले जातात, आणि पुढची पायरी २० बिटांची. आख्खा ब्लॉक /२८ वर जातो, केवळ एका शहरामुळे. पुण्याचे खरोखर दोन पॉप केले, शहर आणि पिंपरी-चिंचवड, तर साइट ३७ होतात, मोठ्यात मोठी साइट २५,००० च्या आसपास येते आणि /३२ पुन्हा पुरतो. रचना बदलून आकडा बदलतो ही पळवाट नाही, कारण जाळंही तसंच बदललेलं असतं. फक्त कागदावर साइट जोडायची किंवा तोडायची चलाखी होऊ नये म्हणून जाळ्याचा आराखडा मागा. एक पान पुरे.

पायरी ६: अपवाद दोनच ठेवा

पहिला: फार मोठी साइट. एखाद्या आवाराला एका /४८ मध्ये खरंच भागत नसेल तर? एरिनने उंबरठा ठेवला १६,३८४ /६४ चा, म्हणजे /४८ च्या पाव भागाचा. त्यापुढे गेलात तर सविस्तर सबनेट आराखडा द्या. हे क्वचितच घडतं. त्यामुळे या अपवादाची प्रक्रिया किचकट असली तरी चालेल. ती सगळ्यांना सोसावी लागत नाही.

दुसरा: फार लहान अर्जदार. इथे एक गंमत झाली. एरिनचा सेवादात्याला किमान /३२, हा नियम छानच होता. पण शुल्क ब्लॉकच्या आकारावर बेतलेलं असल्यामुळे खेड्यातल्या छोट्या सेवादात्याला उदारपणे दिलेल्या /३२ चं बिल जास्त यायला लागलं, आणि आयपीव्ही६ न घेणंच स्वस्त पडलं. आधी मागितल्यास /३६ ची मुभा आली, पुढे २०२०-३ या प्रस्तावाने /४० ची. तात्पर्य व्यावहारिक आहे: आकाराचा तक्ता लिहिताना शुल्काचा तक्ता शेजारी उघडा ठेवा. धोरण एक समिती लिहिते, शुल्क दुसरी ठरवते, आणि अर्जदाराला दोन्हींची बेरीज भरावी लागते.

तिसरा, चौथा अपवाद सुचायला लागला तर पायरी २ कडे परत जा. बहुतेक वेळा एककाची व्याख्याच ढिली असते.

पायरी ७: पुन्हा मागायला आले तर

पहिला ब्लॉक देताना शेजारची जागा मोकळी सोडलेली असेल तर तोच वाढवता येतो आणि राउटिंग तक्त्यात नवी ओळ येत नाही. रजिस्ट्र्या त्यासाठीच ब्लॉक विरळ वाटतात. घरच्या वाटपातही तेच करा. जिल्ह्यांना १, २, ३ असे लागून अंक देऊ नका.

दुसऱ्या वाटपाचा निकष एरिनने असा ठेवला: एकूण ७५ टक्के भरलं, किंवा कुठलीही एक सेवा देणारी साइट ९० टक्क्यांवर गेली. हे "किंवा" फार मोलाचं आहे. ते नसेल तर गडचिरोली रिकामं म्हणून पुणं अडून बसतं.

युरोपच्या राइप एनसीसीने दुसरा मार्ग धरला. /२९ पर्यंत मागा, कारण विचारणार नाही. त्यापुढे मात्र ग्राहकसंख्या, जाळ्याचा पसारा, भौगोलिक आणि प्रशासकीय उतरंड, सुरक्षेसाठीची विभागणी असं सगळं पाहिलं जातं. हे निकष २०१५-०३ या प्रस्तावातून आले. सरकारी खात्यांच्या मोठ्या जाळ्यांना याचा फायदा होतो, कारण तिथे ग्राहक नसतात पण थर पुष्कळ असतात. माझा कल तरीही तक्त्याकडे आहे. निकषांची यादी न्याय देते, पण उत्तर किती येईल ते आधी कळत नाही.

आणि हे सगळं आयपीव्ही४ ला लावू नका. आयानाचा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला, आणि १५ एप्रिल २०११ पासून एपनिकमध्ये शेवटच्या /८ चं रेशनिंग सुरू झालं. तिथला नियम कुठल्याही नियमापेक्षा सोपा होता: प्रत्येकाला जास्तीत जास्त एक /२२, म्हणजे १,०२४ पत्ते. २०१९ पासून /२३. टंचाईतला सोपा नियम हा असा असतो.

पायरी ८: जुन्या अर्जांवर चालवून पाहा

मसुदा झाला की आधी निकाली निघालेले अर्ज घ्या, नावं काढून टाका, आणि नवा नियम लावून उत्तर काढा. तीन गोष्टी शोधा: कुणाला पूर्वीपेक्षा कमी मिळतंय, कुणाला सोळापट जास्त मिळतंय, आणि कुणाचं उत्तर दोन जणांनी काढलं तर वेगळं येतंय. तिसरा गट सर्वांत महत्त्वाचा. त्यात एकही अर्ज असेल तर मसुदा पक्का झालेला नाही. हिशेब धोरण समजणाऱ्याकडून करून घेऊ नका. शाखांची यादी ज्याच्याकडे असते त्या कार्यालयातल्या माणसाला द्या.

पायरी ९: मंजुरीपर्यंत

एपनिकमध्ये प्रस्ताव कुणीही मांडू शकतं, सभासद असण्याची गरज नाही. वर्षातून दोनदा खुली धोरण बैठक होते, तिथे मतदान न होता सर्वसाधारण सहमती पाहिली जाते. मग सभासदांची बैठक, हरकतींची मुदत आणि शेवटी कार्यकारी मंडळाची मान्यता. २०१२ मध्ये सुरू झालेल्या इरिनला राष्ट्रीय रजिस्ट्री म्हणून एपनिकच्या धोरणाशी सुसंगत राहावं लागतं. म्हणून मूळ बदल एपनिकमध्ये मांडावा. एरिनमध्ये सल्लागार मंडळ मसुदा ताब्यात घेतं आणि तीन कसोट्या लावतं: नियम निष्पक्ष आहे का, तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे का, लोकांचा पाठिंबा आहे का.

प्रस्तावात अडचण आधी लिहा, उपाय नंतर. "एचडी-रेशो जुना झाला" ही अडचण नव्हे. "३६ जिल्ह्यांत एकसारखी रचना करणाऱ्या सेवादात्याला २.४ टक्के वापरामुळे नकार मिळतो" ही अडचण आहे. जुना मजकूर आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी द्या, आणि नव्यात शब्द कमी आहेत का ते मोजून बघा. हरकतींमध्ये "अपव्यय होईल" ही ठरलेली असते. तिच्यासाठी पायरी ३ मधले आकडे तयार ठेवा. "मोठ्या कंपन्या गैरफायदा घेतील" हीदेखील ठरलेली, आणि तिचं उत्तर साइटच्या व्याख्येत असतं.

मंजुरीनंतर अर्जाचा नमुना बदलून घ्यायला विसरू नका. नियम बदलतो, पण नमुन्यात "पहिल्या वर्षातली यंत्रसंख्या, दुसऱ्या वर्षातली यंत्रसंख्या" हे आयपीव्ही४ काळातले रकाने तसेच राहतात. रकाना आहे म्हणजे तो भरावा लागणार, आणि भरला की तपासणारा त्याबद्दल प्रश्न विचारणार. नव्या नमुन्यात साइटची यादी, मुदतीतली वाढ आणि जाळ्याचं एक पान एवढंच मागा. आणि तक्ता त्याच पानावर, रकान्यांच्या वर छापा.